कुंपण शेत खाते तेव्हा

गोरेगावला द्रुतगती महामार्गाच्या कडेला नेस्कोचे विस्तीर्ण आवार आहे. एरव्ही तेथील प्रचंड दालनांत यंत्रांची व नाना वस्तूंची प्रदर्शने भरतात. २०२० च्या जून महिन्यात मात्र त्याच दालनांत रुग्णांच्या खाटांच्या रांगा लागल्या. मार्चमध्ये मुंबईत शिरलेल्या करोनाच्या साथीने शहरातील रुग्णालये भरून गेली होती. अंधेरीजवळ मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय या रोगासाठी राखून ठेवावे लागले होते. पुढे मुलुंड आणि दहिसर येथेही तात्पुरती उपचारकेंद्रे उभारण्यात आली.

या रोगाची एक रीत मोठी चमत्कारिक होती. पहिले चार-पाच दिवस रुग्णाला ताप येई, खोकला येई. मग पुष्कळांना उतार पडे आणि ते घरी जात. परंतु काहींचा श्वास आठव्या-दहाव्या दिवशी एकाएकी अडखळू लागे. वास्तविक त्या सुमारास विषाणूंची वाढ बहुधा ओसरू लागलेली असते. शत्रू माघार घेत असताना किल्ला का बरे ढासळावा?

याचे उत्तर विषाणूत नव्हते, ते रुग्णाच्या शरीरातच होते. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, असे आपल्याकडे म्हणतात. येथे नेमके तेच घडत होते.

आपल्या शरीराचे कुंपण म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी आणि त्यांनी निर्माण केलेली प्रतिपिंडे. प्रतिपिंड हा एक सूक्ष्म पदार्थ असून तो परक्या जंतूला अचूक चिकटतो व त्याला निकामी करतो. आता परका कोण आणि आपला कोण, हे या रक्षकांना कसे कळते? छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी असते. ती म्हणजे या पेशींपैकी काहींची पाठशाळाच होय. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर हात उगारते, ती तेथे परीक्षेत नापास होते आणि बहुधा नष्ट केली जाते. पण परीक्षा कितीही कडक असली, तरी एखादा खोडकर विद्यार्थी निसटतोच. अशा निसटलेल्या पेशींमुळे शरीर स्वतःवरच हल्ला करते, तेव्हा त्या प्रकारास स्वयंप्रतिकार म्हणतात.

करोनाच्या काळात या खोडीचा एक विलक्षण नमुना उघडकीस आला. तो समजण्यासाठी प्रथम इंटरफेरॉनची ओळख करून घेतली पाहिजे. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोन शास्त्रज्ञांनी हा पदार्थ शोधून काढला. चाळीत एका बिऱ्हाडात चोर शिरला, की त्या घरातील माणूस ‘चोर, चोर!’ म्हणून ओरडतो आणि शेजारीपाजारी आपापली दारे लावून घेतात. विषाणूने ग्रासलेली पेशी नेमके हेच करते. ती इंटरफेरॉन बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. विषाणूला मग पुढे पसरणे कठीण जाते.

२०२० च्या सप्टेंबर महिन्यात अनेक देशांतील संशोधकांनी मिळून एक पाहणी प्रसिद्ध केली. करोनामुळे फुप्फुसे सुजून प्राणसंकटात सापडलेल्या ९८७ रुग्णांचे रक्त त्यांनी तपासले होते. त्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात चक्क इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली! म्हणजे ओरडणाऱ्याचे तोंड पहारेकऱ्यानेच दाबून धरले होते. या १०१ जणांत ९५ पुरुष होते. याउलट, ज्यांना हा रोग सौम्य झाला किंवा ज्यांना लक्षणेच जाणवली नाहीत, अशा ६६३ जणांपैकी एकाच्याही रक्तात ती आढळली नाहीत. त्यांतील काही रुग्णांचे साथीपूर्वी घेतलेले रक्त उपलब्ध होते. त्यातही ही प्रतिपिंडे होती. ती करोनाने निर्माण केलेली नव्हती, आधीपासूनच गुपचूप दडून बसलेली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसांत ती अधिक आढळतात, असे पुढे दिसून आले. वृद्धांना या साथीचा तडाखा इतका का बसला, याचे एक कारण त्यात सापडते.

परंतु कुंपणाची चूक एवढीच नव्हती. आरंभी हाक न पोहोचल्यामुळे विषाणू मोकाट वाढतो. मग उशिरा जागे झालेले रक्षक भलतेच चवताळतात. सूज फुप्फुसांत पसरते आणि जेथे हवा खेळायची तेथे द्रव साचतो. काही रुग्णांच्या रक्तात तर रुग्णालयात आल्यावर आठवड्याभरातच स्वतःच्या शरीराविरुद्धची नवी प्रतिपिंडे दिसू लागली. लहान मुलांत हा रोग बहुधा सौम्य असे. तरी रोग होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाला पुन्हा तीव्र ताप येई, डोळे लाल होत, पोट दुखे आणि हृदयावर ताण पडे. मुंबईच्या बालरुग्णालयांत २०२० साली असे बालरुग्ण आले. विषाणू निघून गेला होता, रक्षक मात्र शांत झाले नव्हते.

यावर उपयोगी पडलेले औषध साधे, स्वस्त व सुमारे साठ वर्षे वापरात असलेले होते. त्याचे नाव डेक्सामेथासोन. ते विषाणूला मारत नाही. चवताळलेल्या रक्षकांना आवरते. इंग्लंडमध्ये जून २०२० मध्ये त्याच्या परीक्षेचा निकाल लागला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, अशांना मात्र त्याचा काहीच लाभ झाला नाही. हे स्वाभाविकच होते. रक्षकांना फार लवकर बांधून ठेवले, तर शत्रूचेच फावायचे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात याचा कटू अनुभव आला. मधुमेह असलेल्या व अशी औषधे फार प्रमाणात घेतलेल्या अनेक रुग्णांच्या नाकाडोळ्यांत काळ्या बुरशीचा रोग शिरला. ही बुरशी हवेत, मातीत नेहमीच असते. निरोगी माणसाच्या शरीरात तिला सहसा थारा मिळत नाही.

म्हणूनच रुग्णाच्या बोटाला लावलेल्या चिमट्यासारख्या छोट्या यंत्रावरचा आकडा डॉक्टर पुनःपुन्हा पाहत असत. रक्तातील प्राणवायू किती, हे तो आकडा सांगे आणि रक्षकांना आवरण्याची वेळ आली की नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येई.