खंजिरीची थाप आणि सहा किलोबिट

वर्धा जिल्ह्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन रंगतं ते खंजिरीवर. हीच खंजिरी ध्वनी-संक्षेपणाची खरी कसोटी घेते. सीडीच्या दर्जाचं संगीत सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट खातं. एमपी3 त्यातला कानाला न जाणवणारा भाग गाळतं. पण बिट फारच कमी केले, की थापेच्या आधीच पुसटशी खरखर उमटते आणि थापेची धार जाते.

न्यूरल नेटवर्कची रीत निराळी. ‘मेटा’नं 2022 मध्ये आणलेल्या एनकोडेक या ध्वनी-संक्षेपण तंत्राच्या 24 किलोहर्ट्झ आवृत्तीत सेकंदाचे 75 तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याशी सर्वांत जुळणारा नमुना 1,024 नमुन्यांच्या कोशातून निवडायचा. उरलेली तफावत दुसऱ्या कोशातून, मग तिसऱ्या. असे आठ कोश वापरले, तरी पाठवायचे फक्त क्रमांक: सेकंदाला अवघे 6 किलोबिट! पलीकडचं नेटवर्क त्यांवरून आवाज नव्यानं घडवतं.

काळजी वाटते ती इथेच. शिकताना नेटवर्कनं खंजिरी फारशी ऐकलीच नसेल, तर तिच्या चकत्यांची किणकिण ते भलतीच करून टाकू शकतं. ऐकायला हे तंत्र जरूर वापरा. पण गावच्या भजनी मंडळाचं मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅक अशा काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्येच जपून ठेवा.