मेलेल्या ताऱ्याभोवतीचे ग्रह

सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रह कधी सापडला, असं विचारलं की बहुतेक जण १९९५ साल सांगतात. त्या शोधाला २०१९मध्ये नोबेलही मिळालं. पण त्याआधी तीन वर्षं, १९९२च्या जानेवारीत, दोन ग्रह जाहीर झाले होते. ते विस्मरणात गेले, कारण ते भलत्याच ठिकाणी होते: एका पल्सारभोवती.

पल्सार म्हणजे महास्फोटात ताऱ्याच्या चिंधड्या उडाल्यावर उरलेला गाभा. सूर्याहून जास्त वस्तुमान, आकार जेमतेम शहराएवढा. कन्या राशीतला 'पीएसआर बी१२५७+१२' सेकंदाला १६१ गिरक्या घेतो आणि प्रत्येक गिरकीला एक रेडिओ ठोका आपल्याकडे धाडतो. पोर्टो रिकोमधली अरेसिबोची ३०५ मीटरची दुर्बीण १९९०मध्ये दुरुस्तीला काढली होती आणि तिची नेहमीची निरीक्षणं थांबली होती. त्यामुळे पोलिश खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर वोल्शचान यांच्या वाट्याला दुर्बिणीचा भरपूर वेळ आला आणि हा पल्सार हाती लागला. पण ठोके वेळापत्रकात बसेनात. कधी मिलिसेकंदभर लवकर, कधी तेवढेच उशिरा. ग्रह ओढतात तसा पल्सार हलतो. आपल्या बाजूला सरकला की ठोका लवकर येतो, मागे गेला की रेंगाळतो. हिशेबातून दोन ग्रह निघाले, प्रत्येकी वस्तुमानानं पृथ्वीच्या चौपटीच्या आसपास, फेऱ्या ६६ आणि ९८ दिवसांच्या.

नेमकं १९९२च्या त्याच जानेवारीत अटलांटातल्या परिषदेत ब्रिटनचे अँड्र्यू लाइन उभे राहिले. दुसऱ्या एका पल्सारभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह त्यांनी आदल्या वर्षी जाहीर केला होता. तो ग्रह नाहीच, असं त्यांनी भर सभेत सांगितलं: पल्सारचं स्थान किंचित चुकलं होतं, त्यामुळे पृथ्वीचीच सूर्यप्रदक्षिणा हिशेबातून पुरती वजा झाली नव्हती. सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. लगेच बोलायची पाळी वोल्शचान यांची! पण त्यांच्या पल्सारचं स्थान डेल फ्रेल यांनी न्यू मेक्सिकोतल्या दुर्बिणींनी वेगळं मोजून दिलं होतं, आणि ६६ किंवा ९८ दिवसांचा आपल्या वर्षाशी काही संबंध नव्हता.

खरा पुरावा १९९४मध्ये आला. दोन्ही फेऱ्यांचं प्रमाण जवळपास दोनास तीन. म्हणजे हे ग्रह एकमेकांनाही ओढणार आणि ठोक्यांत त्याची खूण उमटणार, असं भाकीत होतं. ती खूण सापडली. शिवाय २५ दिवसांच्या फेरीचा तिसरा ग्रहही, आपल्या चंद्राच्या जेमतेम दुप्पट वस्तुमानाचा.