संगणक, मोबाईल आणि श्रमिकांचे स्वास्थ्य

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर हे तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी कार्यामुळे सर्वपरिचित आहे. १९९८ साली येथे 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन व वारणा समूह यांच्या सहकार्याने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे उघडण्यात आली. उसाची नोंद, वजन, खते व बिले यांची माहिती गावातच मिळू लागली. शेतकऱ्यांचे हेलपाटे वाचले.

पुढे संगणक जुने झाले व देखभाल महाग पडू लागली. तेव्हा २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ७ गावांत मोबाईल संदेशांचा प्रयोग केला. आता केंद्र बंद असतानाही शेतकऱ्याला माहिती मिळत असे. कारण उत्तर देणारे यंत्र होते, कर्मचारी नव्हे.

नेमका हाच भेद आज अनेक कार्यालयांत पुसला गेला आहे. रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सूचनेला यंत्र नव्हे, तर दिवसभर राबलेला माणूस उत्तर देतो. कार्यालयाला कुलूप लागते. काम मात्र खिशातून घरी येते. झोप, कुटुंबाशी संवाद आणि विश्रांती यांवर त्याचा परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या दीर्घकालीन, न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे नोंदवली: थकवा, कामाविषयी दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली व पुन्हा २०२५ साली तशी खासगी विधेयके लोकसभेत मांडली.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात तंत्रज्ञानाला माणसाचा सहकारी म्हटले. मात्र ते श्रमातील समाधान व जबाबदारी हिरावून घेऊ लागले, तर वैरीही ठरू शकते, असा इशारा दिला.

आपल्यापैकी कोणी शाळा चालवतात, कोणी दुकान, कोणी पतसंस्था. तातडीचे नसलेले संदेश सकाळपर्यंत थांबवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.