इच्छा पुरवणारा प्राणी आणि पडद्यावरची मुले

मुलांची इच्छा पुरवणारा एखादा विचित्र प्राणी आणि त्या इच्छेपायी उडणारी तारांबळ, या विषयावर कौटुंबिक अद्भुतपट जगभर निघाले. अशा कथेचा ठळक नमुना म्हणजे इडिथ नेस्बिट या इंग्रज लेखिकेचे १९०२ सालचे ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ हे पुस्तक. खडीच्या खाणीत खेळणाऱ्या भावंडांना वाळूत पुरून बसलेला सॅमिअड सापडतो. गोगलगायीसारखे पुढे-मागे होणारे डोळे, वटवाघळाचे कान, केसाळ गोल पोट आणि माकडाचे हातपाय, असे त्याचे रूप. स्वभाव कमालीचा तिरसट. तो दिवसाला एक इच्छा पुरवतो आणि सूर्य मावळला की तिचा प्रभाव संपतो.

कथेची सगळी गंमत या अटीत आहे. मुले देखणी व्हायला मागतात, तर घरची मोलकरीण त्यांना ओळखत नाही आणि दारातूनच हाकलते. खाणभर सोने मागतात, तर मिळतात चलनातून बाद झालेली नाणी, आणि दुकानदार त्यांच्याकडे संशयाने पाहू लागतात. पंख मागतात आणि संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यावर अडकून पडतात. हवे ते कायमचे मिळाले असते, तर गोष्ट पहिल्याच प्रकरणात आटोपली असती.

२००४ साली जॉन स्टीव्हन्सन यांनी यावर चित्रपट केला. सॅमिअडची बाहुली जिम हेन्सन यांच्या प्रसिद्ध कार्यशाळेची, तर आवाज विनोदी कलावंत एडी इझार्ड यांचा. कथानक पहिल्या महायुद्धाच्या काळात नेल्यामुळे वडील युद्धावर आणि मुले काकांच्या घरी, अशी मांडणी झाली. त्यामुळे मुलांच्या मागण्यांना गांभीर्य आले, पण पुस्तकातला खट्याळपणा मात्र उणावला.

भारतात या जातीचा सर्वांत धाडसी प्रयोग केरळात झाला. जिजो पुन्नूस यांचा ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा १९८४ सालचा मल्याळम चित्रपट देशातला पहिला त्रिमिती चित्रपट. मांत्रिकाने गुलाम केलेल्या भूतबालकाला तीन मुले सोडवतात आणि तो त्यांचा सवंगडी होतो. भिंतीवर आणि छतावर चालणारी मुले दाखवण्यासाठी अख्खी खोलीच फिरती बांधली होती. मराठी प्रेक्षक त्याला ओळखतो ते ‘छोटा चेतन’ या हिंदी नावाने. १९९८ च्या हिंदी आवृत्तीत ऊर्मिला मातोंडकर यांचे प्रसंग नव्याने घातले गेले. त्याआधी १९६९ मध्ये सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये भुतांचा राजा दोन भोळ्या गावकऱ्यांना तीन वर देतो. तेथे नायक मोठे आहेत, पण चित्रपट मुलांचाच.

मराठीत कल्पवृक्ष, कामधेनू, चिंतामणी यांची उणीव कधीच नव्हती आणि पडद्यावर चमत्कार उभा करण्याची कारागिरीही होती. ती कोल्हापुरात घडली. बाबूराव पेंटर यांनी येथेच स्वदेशी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना खराखुरा वाटला होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातचा १९३० सालचा ‘राणीसाहेबा’ हा मूकपट भारतातला पहिला बालचित्रपट मानला जातो. पुढे १९३२ च्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये मायावी स्त्रीराज्य उभे राहिले. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली.

इतकी तयारी असूनही इच्छा पुरवणारा प्राणी मराठी पडद्यावर मुलांपेक्षा मोठ्यांच्याच वाट्याला आला. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटात अशोक सराफ यांचे भूत मदतीला येते ते दिलीप प्रभावळकर यांच्या मास्तरांच्या. मुलांच्या अद्भुताची बाजू रंगभूमीने सांभाळली. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण प्रभावळकरांनी गाजवली. रंगमंचावर चेटकीण प्रकाश, वेशभूषा आणि आवाजावर उभी राहते. चित्रपटात मात्र असा प्राणी घडवायला पैसा लागतो आणि बालचित्रपटावर तो लावायला निर्माते कचरतात.

मुलांना असे चित्रपट दाखवण्याची सोय कोल्हापुरात आहे. ‘चिल्लर पार्टी’ ही विद्यार्थी चित्रपट चळवळ शाहू स्मारक भवनात देशोदेशीचे बालचित्रपट दाखवत आली आहे.  उणीव आहे ती मराठी निर्मितीची. नेस्बिट १९२४ साली वारल्या आणि त्यांच्या पुस्तकावरचा स्वामित्वहक्क भारतात केव्हाच संपला आहे. सॅमिअडला पंचगंगेच्या वाळूत आणायचे कुणी मनावर घेतले, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही.