वडिलांचा प्रोस्टेट कर्करोग आणि दूर राहणारी मुले

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला जळगाव रस्त्यावर वसलेले हर्सूल पूर्वी तलाव, देवीचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे ओळखले जाणारे गाव होते. आज ते महापालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. मराठवाड्यातील अन्य ठिकाणांप्रमाणे येथेही अनेक घरांत आता आई-वडील दोघेच राहतात. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा सातासमुद्रापार असतात. अशा घरातील सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा मुलांना ते फोनवरून आणि बहुधा अर्धवटच कळते. 'लघवीचा थोडा त्रास आहे, डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली आहे,' एवढेच वडील बोलतात. मूत्रविकाराविषयी मुलाशी, त्यातही मुलीशी, बोलण्याचा संकोच त्यामागे असतो.

पूर्ण माहिती हाती आल्यावर दूर असलेल्या मुलांच्या दोन प्रतिक्रिया हमखास दिसतात. 'उद्याच मुंबईला हलवू या,' ही पहिली आणि 'बाबांना यातले काही सांगू नका,' ही दुसरी. दोन्हींच्या मुळाशी प्रेमच असते. परंतु दोन्हींमुळे वडिलांच्या हातून त्यांचाच आजार काढून घेतला जातो. त्यांच्या वतीने निर्णय घेऊन टाकण्यापेक्षा त्यांना तो शांतपणे घेता यावा अशी व्यवस्था उभी करणे, हे दूर राहणाऱ्या मुलांचे खरे काम आहे. या आजाराचे स्वरूप समजून घेतले, की हे काम सोपे होते.

निदानाचा अर्थ

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असणारी, पुरुषांतील अक्रोडाएवढी ग्रंथी. वयोमानाने ती वाढते आणि बहुतेक वृद्धांच्या लघवीच्या तक्रारी या साध्या वाढीमुळेच असतात. रक्तातील पीएसए या घटकाचे प्रमाण कर्करोगात वाढते, तसे साध्या वाढीत आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातही वाढते. म्हणूनच केवळ पीएसएच्या आकड्यावरून कर्करोग ठरत नाही. एमआरआय आणि त्यानंतर बायॉप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेली तपासणी, यांनंतरच सहसा निदान पक्के होते.

बायॉप्सीच्या अहवालात 'ग्लीसन स्कोअर' नावाचा आकडा असतो. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी 1960च्या दशकात ही पद्धत मांडली. आजच्या व्यवहारात हा आकडा 6 ते 10 यांमध्ये असतो. 6 असल्यास पेशी संथपणे वाढणाऱ्या, तर 8 ते 10 असल्यास आक्रमक समजल्या जातात. रोग ग्रंथीपुरता आहे, की हाडांपर्यंत पोहोचला आहे, हे बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन यांवरून कळते. पीएसए, ग्लीसन आणि प्रसार या तीन गोष्टी समजल्याशिवाय कोणताही निर्णय घेण्यात अर्थ नाही.

घाई नेहमीच हिताची नसते

कर्करोग म्हटला की 'लगेच शस्त्रक्रिया' असे समीकरण आपल्या मनात असते. ग्रंथीपुरत्या मर्यादित प्रोस्टेट कर्करोगाबाबत ते अनेकदा लागू पडत नाही. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' या अभ्यासात असा मर्यादित रोग असलेल्या 50 ते 69 वयाच्या 1,643 पुरुषांचे तीन गट करण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार देण्यात आले आणि तिसऱ्यावर नियमित तपासण्यांद्वारे नुसती देखरेख ठेवण्यात आली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र काहीसे अधिक आढळले.

हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावता येणार नाही, कारण आपल्याकडे बरेच रुग्ण रोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर डॉक्टरांकडे पोहोचतात. तरीही हाडांपर्यंत पसरलेल्या रोगातही हार्मोन उपचारांमुळे कित्येकांना वर्षानुवर्षे बऱ्या स्थितीत जगता येते. तेव्हा विचार करायला, दुसरे मत घ्यायला आणि वडिलांशी बोलायला काही दिवस सहसा मिळतात. ते दिवस किती, हे डॉक्टरांनाच विचारावे.

उपचार कोठे घ्यावेत?

हर्सूलमधील रुग्णाला प्रत्येक गोष्टीसाठी परळ गाठण्याची गरज नाही. आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. ते हर्सूलहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर आहे. हा मुद्दा महत्त्वाचा अशासाठी, की प्रोस्टेटचे किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचेच असतात. तेवढ्यासाठी वृद्ध दांपत्याने मुंबईत खोली घेऊन राहायचे, की घरून ये-जा करायची, याचा विचार व्हायला हवा.

दुसरे मत घेण्यासाठीही प्रत्येक वेळी रुग्णाला हलवावे लागत नाही. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातील नमुना, ज्याला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, हे मागून घेता येतात आणि दुसऱ्या रुग्णालयात तपासून घेता येतात. हे काम आणि सर्व अहवालांचे तारीखवार संकलन दूरच्या मुलाला उत्तम करता येते.

खर्चाबाबत वडील खरे सांगतीलच असे नाही. 'मुलांवर भार नको' म्हणून उपचार टाळणारे वृद्ध कमी नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, तसेच आयुष्मान भारत योजनेत, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान योजना खुली झाली आहे. निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि सुचवलेला उपचार तीत बसतो का, हे रुग्णालयातील योजनेच्या कक्षात आधीच विचारून घ्यावे.

फोनवरून काय करता येते?

हर्सूलमध्ये सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. बाह्यरुग्ण विभागाची वेळ मात्र बहुधा हीच असते. तेव्हा डॉक्टरांच्या परवानगीने आणि आधी वेळ ठरवून त्या भेटीत फोनवर हजर राहावे. भावंडे अनेक असल्यास डॉक्टरांशी एकानेच बोलावे आणि इतरांना कळवावे. तिघांनी तीन वेगवेगळी माहिती वाचून वडिलांना तीन सल्ले दिले, तर गोंधळ वाढतो. गावातील पुतण्या, भाचा किंवा विश्वासू शेजारी यांना नेमके काम सांगावे: अहवाल आणणे, इंजेक्शनच्या तारखेला सोबत जाणे, औषधे आणणे. 'लक्ष ठेवा' एवढे सांगून भागत नाही.

रजा मोजकीच असेल, तर ती कशासाठी वापरायची हेही ठरवावे. बायॉप्सीच्या दिवशी धावत येण्यापेक्षा सर्व अहवाल हाती आल्यावर उपचार ठरवण्याच्या भेटीला हजर राहणे बहुतेकदा अधिक उपयोगी ठरते.

हार्मोन उपचार सुरू झाल्यावर घाम येऊन अंग तापणे, थकवा, चिडचिड, खिन्नता हे परिणाम दिसू शकतात. हाडे ठिसूळ होतात, वजन व साखर वाढू शकते. फोनवर तुटक बोलणारे वडील रागावलेले नसून औषधाने थकलेले असू शकतात. कामेच्छा कमी होणे आणि लघवीवरचा ताबा जाणे याविषयी ते मुलांशी बोलणार नाहीत. म्हणून डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची संधी त्यांना द्यावी. आईलाही स्वतंत्रपणे फोन करावा. रात्रीची जागरणे तिच्याच वाट्याला येतात.

काही लक्षणे दिसल्यास मात्र फोनवर चर्चा करत बसू नये. बायॉप्सीनंतर थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण अडणे, पाठीत वाढते दुखणे, पायांत अशक्तपणा वा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातील गाठीचा दाब मज्जारज्जूवर आल्यास उशिरामुळे पाय कायमचे जाऊ शकतात. ही यादी घरात फोनजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवावी.

सांगावे की लपवावे?

संमतिपत्रावर सही वडिलांनाच करायची असते, कर्करोग विभागाची पाटीही ते वाचतात. लपवलेले फार काळ लपत नाही आणि मग त्यांना आपली भीती एकट्यानेच सोसावी लागते. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचारावे आणि तेवढे खरे सांगावे. 'तुम्हाला काय योग्य वाटते?' हा प्रश्न त्यांना शेवटी विचारण्याऐवजी सुरुवातीलाच विचारायला हवा. काहींना आयुष्याची आणखी वर्षे हवी असतात, तर काहींना घर न सोडता, कुणावर अवलंबून न राहता काढलेले दिवस अधिक मोलाचे वाटतात. उपचारांची निवड या उत्तरावर बरीच अवलंबून असते.

एक गोष्ट मुलांनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावी. वडिलांना हा कर्करोग असल्यास मुलाला तो होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. पंचेचाळिशीच्या सुमारास आपल्या डॉक्टरांना ही कौटुंबिक माहिती सांगून पीएसए तपासणीविषयी सल्ला घ्यावा. त्या निमित्ताने वडिलांशी या विषयावर मोकळे बोलणेही सुरू होऊ शकते.