परसातला हॉप : वाण कोणता?

बिअरला कडवटपणा आणि गंध देणारा हॉप हा भांगेच्या कुळातला वेल. इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर बनवणारे हौशी लोक तो परसात लावतात. नर आणि मादी वेल वेगळे असतात. कामाचा असतो तो मादीचा शंकूसारखा फुलोरा, म्हणून बी न पेरता मादी वेलाच्या मूलक्षोडाचा तुकडा लावतात.

फुलोऱ्यातील पिवळ्या ग्रंथींत अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले असतात. आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची घडण बदलते व कडवटपणा उतरतो. तेले मात्र उकळताना उडून जातात. त्यामुळे गंधासाठीचा हॉप शेवटी टाकतात.

निवडीची मेख इथेच आहे. अल्फा आम्लांचे प्रमाण हवामानानुसार दरवर्षी बदलते आणि प्रयोगशाळेशिवाय ते कळत नाही. गंध नाकालाच कळतो! तेव्हा घरी गंधाचे वाण लावणेच शहाणपणाचे. चेक 'साझ'चा गंध नाजूक, पण उत्पन्न कमी. 1972 साली अमेरिकेत प्रसारित झालेला 'कॅस्केड' जोमदार. नवख्याने तोच घ्यावा. वेल पाच-सहा मीटर चढतो. जागा अपुरी असल्यास 'फर्स्ट गोल्ड' हा इंग्लंडमधला बुटका वाण बरा.

आपल्याकडे? हॉप दिवसाची लांबी 'मोजतो'. लंडनचा सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा, मुंबईचा सव्वातेरा. एवढ्या लहान दिवसांत वेल पुरेसा वाढण्याआधीच फुलू लागतो. आपली शेवंतीही दिवस लहान झाले की फुलते. भारतात हॉपची लागवड झाली ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये.