मुळाच्या टोकापर्यंत

वडिलांची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत, पाण्यात ठेवलेली असे. पन्नाशी गाठेपर्यंत त्यांचे बहुतेक दात गेले होते आणि त्यांतला एकही आपणहून पडला नव्हता. सगळे काढलेले होते. दाढ ठणकू लागली की आठवडाभर लवंगेचे तेल, नाहीच भागले तर तालुक्याला जाऊन ती उपटून येणे, हा आमच्या भागातल्या त्या पिढीचा शिरस्ता. मागच्या वर्षी माझी खालची दाढ तशीच ठणकली. ती अजून माझ्या तोंडात आहे. या दोन दाढांमध्ये नेमके काय घडले, हे समजून घ्यायचे म्हणून मी दंतवैद्यकाचा इतिहास वाचू लागलो.

आधी दाढेच्या आत काय असते ते पाहू. कठीण कवचाच्या आत एक मऊ गाभा असतो, रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा. कीड तिथवर पोचली की गाभा सुजतो. पण भोवतालच्या भिंती तसूभरही हलत नाहीत, सुजेला जागा मिळत नाही. रात्रीचा तो ठणका यातून येतो. उपाय दोनच. दाढ काढायची, किंवा गाभा काढून मुळांतल्या बारीक नलिका साफ करायच्या आणि बंद करायच्या. या दुसऱ्या उपायाला लोक 'नस काढणे' म्हणतात, दवाखान्यात 'रूट कॅनाल' म्हणतात.

अडचण अशी, की हे काम न दिसणाऱ्या जागी करायचे असते. खालची दाढ वरपासून मुळाच्या टोकापर्यंत साधारण २१-२२ मिलिमीटर. नलिका साफ करणारी सुई टोकाच्या बरीच अलीकडे थांबली तर खाली घाण राहते आणि काही महिन्यांनी पू होतो. टोकाच्या पलीकडे गेली तर हाडाला लागून इजा होते. थांबायचे कुठे, तर टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे. जुने दंतवैद्य हे बोटांच्या स्पर्शावरून आणि रोगी कधी दचकतो यावरून ठरवत. भूल चांगली मिळू लागली तशी दचकण्याची ती खूणही गेली! रोग्याच्या दृष्टीने भूल हाच सर्वांत मोठा बदल, यात शंका नाही. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन तयार केले. १९४८ पासून ते बाजारात आहे आणि आजही दाताच्या डॉक्टरांच्या सुईत बहुधा तेच असते. पण भुलेने वेदना थांबते, मुळाचे टोक दिसत नाही.

ते पहिल्यांदा दिसले क्ष-किरणांमुळे. राँटगेन यांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा. दोनच महिन्यांत जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचे छायाचित्र घेतले, त्यासाठी २५ मिनिटे किरणांपुढे राहून. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी दाताच्या नलिकेत शिशाची तार घालून छायाचित्र काढले आणि तार कुठवर गेली ते पाहिले. आजही सुई आत ठेवून फोटो काढतात, ती रीत इथली. केल्स यांनी तिची किंमत अंगावर मोजली. यंत्र नीट चालते का हे स्वतःचा हात किरणांपुढे धरून पाहण्याची तेव्हा पद्धत होती. आधी बोटे, मग हात कापावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

इथे माझ्या वाचनाला एक अनपेक्षित वळण लागले. १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रियलला व्याख्यान देऊन दंतवैद्यांवर कडक टीका केली: सोन्याच्या टोपणांखाली तुम्ही सडके दात दडवता, आणि त्यातून सगळ्या शरीरात रोग पसरतात. टीकेत तथ्य अगदीच नव्हते असे नाही. पण पुढची काही दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशासाठीही दात उपटले गेले, आणि त्याला आधार म्हणून क्ष-किरण छायाचित्रातली मुळाजवळची काळी छटा दाखवली जाई. दात वाचवायला आलेले साधन दात काढायला साक्षीदार झाले. 'यंत्र आले आणि उपचार सुधारले' असे सरळ वाक्य मी तेव्हापासून लिहीत नाही.

छायाचित्राची मर्यादाही होती. ते सपाट असते, आणि मुळाचे तोंड पुष्कळदा टोकावर नसून जरा बाजूला उघडते. हा प्रश्न सोडवला विजेने. जपानमध्ये सुझुकी यांना १९४२ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत असे आढळले, की नलिकेतली सुई मुळाबाहेरच्या ऊतीला टेकली की ती आणि तोंडातली त्वचा यांमधला विद्युतरोध ठरावीकच भरतो. सुनादा यांनी १९६२ मध्ये माणसांच्या दातांत हेच मोजले: सुमारे ६.५ किलोओहम. वय कोणतेही असो, दात पुढचा असो वा मागचा, आकडा तोच. सुरुवातीची यंत्रे नलिकेत रक्त किंवा पू असला की फसत. पुढे दोन वेगवेगळ्या वारंवारितांचा प्रवाह सोडून त्यांचे गुणोत्तर पाहण्याची युक्ती निघाली, आणि ओल्या नलिकेतही मोजमाप भरवशाचे झाले. माझ्या ओठाला डॉक्टरबाईंनी जी आकडी अडकवली होती ती याच यंत्राची. सुई खाली जाऊ लागली तसे त्याचे टीं-टीं जलद झाले, आणि त्या थांबल्या. मला काही कळलेही नाही.

बाकीचे थोडक्यात. १९५७ मध्ये आलेला, हवेच्या दाबावर मिनिटाला लाखो फेरे घेणारा एअरोटर. त्यामुळे दात कोरताना डोक्यात घुमणारी जुनी घरघर गेली, तिच्या जागी शिटीसारखा आवाज आला. निकेल-टायटॅनियमच्या लवचिक सुया. वाकड्या मुळांत त्या मुळासारख्या वळतात, पोलादी सुई भिंत खरवडून भलतीकडे जाई. आणि आरव्हीजी, म्हणजे फिल्मऐवजी संवेदक. पूर्वी फिल्म धुऊन होईपर्यंत रोगी तोंडात सुया घेऊन, आ वासून बसे. आता चित्र काही सेकंदांत पडद्यावर येते, किरणेही फिल्मपेक्षा कमी लागतात.

पडद्याने आणखी एक गोष्ट केली. रोग्यालाही आपला दात दिसू लागला. ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, आणि धोक्याचीही. कारण मोठ्या करून दाखवलेल्या काळ्या ठिपक्यापुढे आपण कशालाही हो म्हणतो. माझ्या दाढेशेजारच्या दातावर असाच एक ठिपका होता. मी घाबरून विचारले, तर बाई म्हणाल्या, "कीड अजून वरच्या थरातच आहे. आत्ता हात लावायचा नाही, काका. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू." हंटरच्या काळात हे वाक्य किती जणांच्या वाट्याला आले असते?

शेवटच्या खेपेला माझ्या आधी एक गृहस्थ होते, वडिलांच्याच वळणाचे, खांद्यावर पंचा. दार उघडेच होते. त्यांचीही खालचीच दाढ. बाईंनी पडदा वळवून मुळे दाखवली, वाचेल म्हणाल्या, किती वेळा यावे लागेल आणि वर टोपी का बसवावी लागेल ते सांगितले. त्यांनी चित्र नीट पाहिले, बोटाने पडद्यावरचे मूळ दाखवून एक शंकाही विचारली. मग खर्च विचारला. तो दाढ काढण्याच्या कितीतरी पट होता. थोडा वेळ ते पंच्याची कड चाळवत राहिले, आणि म्हणाले, "काढून टाका, ताई."